फाईल दवाखान्यात, मी घरी

बायपास झाली की माणसाचा दुसरा जन्म होतो, असं ज्यांनी ज्यांनी मला येऊन सांगितलं, त्या सगळ्यांना मी मे महिन्यात दुपारी तीन वाजता घरी बोलवायला पाहिजे होतं. बघा म्हटलं असतं, दुसऱ्या जन्मात बाई पलंगावरून उठते, मोरीपर्यंत चार पावलं टाकते आणि भिंत धरून उभी राहते. डोळ्यांपुढे काळं. कानात कूलर चालल्यासारखी घरघर, आणि कूलर तर मागच्या खोलीत. श्वास म्हणाल तर दोन पोळ्यांची कणीक मळून होईपर्यंत पुरत नव्हता.

ऑपरेशन संक्रांतीच्या मागेपुढे झालं. छाती उघडली, पायाची शीर काढून तिथे जोडली, पुन्हा शिवली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी स्वतः पंधरा वर्षं गल्लीतल्या बायांचे ब्लाऊज शिवले, मला टाका कळतो. टाके काढायला मला नेलं तेव्हा पाय सुजलेले होते. डॉक्टरांनी लघवी जास्त व्हायची गोळी लिहिली आणि सांगितलं, मीठ कमी, पाणी दिवसाला दीड लिटर, वर नाही. हे त्यांनी कागदावर लिहून दिलं, आणि तिथेच माझा घात झाला.

आमच्या घरचे म्हणजे माझे मिस्टर, सारी नोकरी एका सरकारी ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये केलेला माणूस. तिथे त्यांच्यापुढे माणूस कधी आलाच नाही, फाईल यायची. फाईलवर जे असेल ते खरं. तीच सवय घेऊन रिटायर झाले आणि माझ्या छातीवर येऊन बसले. घरी आल्या आल्या कोल्ड्रिंकची दीड लिटरची रिकामी बाटली शोधली, काळ्या मार्करने तिच्यावर चार रेघा मारल्या. सकाळ इथपर्यंत, जेवण इथपर्यंत, चहाची वेळ इथपर्यंत, उरलेलं रात्री. चहा पिला की तेवढं पाणी बाटलीतून काढून टाकायचे. वरण पातळ झालं तरी वाटीत डोकावून पाहायचे.

जानेवारीत तहान कुणाला लागते? चाललं. पायाची सूजही उतरली. पण कागद तोच राहिला.

आता मुख्य गोष्ट सांगते. टाके काढल्यानंतर दोनदा दाखवायला बोलावलं होतं, एकदा फेब्रुवारीच्या शेवटी, एकदा एप्रिलमध्ये. दोन्ही वेळा हे एकटेच गेले.

"तू कायले धक्के खातं? सदरच्या दवाखान्यापर्यंत जायचं, तिथं लाईनीत बसायचं. रिपोर्ट तर सारे फाईलमध्येच हायेत," असं म्हणाले, आणि मीही हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा बरंच वाटलं. आमच्यात तशीच रीत आहे. घरातली बाई बिमार पडली की माणूस जाऊन डॉक्टरला सांगून येतो, बाई घरी स्वयंपाक करते. माझ्या आईचं असंच झालं, सासूचंही असंच. डॉक्टरांनी विचारलं असेल, पेशंट कसा आहे? यांनी सांगितलं असेल, ठीकठाक. तिथून शिक्का मारून आणला, आहे तेच चालू ठेवा. फाईलची तब्येत उत्तम होती.

मग एप्रिल संपला आणि आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीत दुपारी कुत्रंही दिसेना. अंगातलं पाणी घामातून जायचं, गोळीतून जायचं, आणि भरून यायला बाटलीतली ती रेघ. मी म्हटलं, "अहो, मले चक्कर येऊन राहिली, दम भरून राहिला. थोडं पाणी द्या."

"चार वाजता."

"जीभ चिकटून राहिली जी टाळूले!"

"लिहिलंय तेवढंच. हृदयावर लोड येते. तुले मरायचं हाय काय?"

मी म्हटलं तहानेनं मेले तर हृदय शाबूत राहील, ते फाईलला लावून ठेवा. ते हसले नाहीत. त्यांना विनोद कळत नाही, कधीच कळला नाही. मुलाला फोन केला तर तो तिकडून म्हणे, आई, ऑपरेशननंतर मनात भीती बसते, तू टेन्शन घेऊ नको. मनाचं आहे. ज्याला त्याला माझं मन दिसत होतं, पांढरी पडलेली जीभ कुणाला दिसत नव्हती.

चोरून प्यायले असते, म्हणाल. दोनदा प्यायले माठातून. दुसऱ्या दिवशी त्यांनी माठाला खडूने खूण केली.

आता बुद्ध पौर्णिमेचं सांगते, कारण माझा खरा जीव तिथे अडकला होता. आमच्या विहारात पौर्णिमेला बायांच्या बाजूने वंदना मी सांगते. पुढे उभं राहून आधी मी एक ओळ म्हणायची, मागून सगळ्यांनी. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यापुढचं वाचणं मी किराण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून शिकले, आणि वंदना पाठ केली सासऱ्यांच्या वहीतून. ते छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या गर्दीत तरणेताठे होते. ही जागा मला कुणी दिलेली नाही, मी घेतली आहे, आणि बावीस वर्षं सोडली नाही.

ही जागा जिला पाहिजे ती आमच्या खालच्याच मजल्यावर राहते. पन्नाशीची, अंगणवाडीत नोकरी केलेली, आवाज असा की माईक लाजतो. मला मावशी म्हणते, आणि मावशी म्हणता म्हणता पुढे सरकते.

पौर्णिमेच्या दहा दिवस आधी संध्याकाळी सरावाला जमलो. मी उभी राहिले. त्रिसरण कसंबसं झालं. पंचशीलाच्या दुसऱ्या ओळीत शब्द अर्ध्यात तुटला. ओळ मला पाठ होती हो, वाराच नव्हता आत. पंखा छतावरून खाली भिंतीवर उतरला, भिंत पायाखाली गेली, मी माईकचा दांडा धरला आणि दांड्यासकट खाली बसले. बाया धावल्या. कुणी पदराने वारा घालतंय, कुणी चप्पल काढतंय. आणि त्या गोंधळात हिने तुटलेली ओळ उचलून पुढे चालूही केली! एक श्वास मध्ये जाऊ दिला नाही.

घरी सोडायला आली ती हीच. जिन्यात मी प्रत्येक पायरीवर थांबते आणि ही वरून म्हणते, "मावशी, यावर्षी तुम्ही बसा जी. मी म्हणते ना. जीवापेक्षा का मोठं हाय?"

"मी अजून जिवंत हाय वं," मी म्हटलं.

"डॉक्टर काय म्हणते?"

"ठीक हाय म्हणते."

"केव्हा पाह्यलं त्यानं तुमाले?"

मी आठवत राहिले. आठवता आठवता जानेवारीत जाऊन पोचले. सांगितलं तिला, की हे फाईल घेऊन जातात. ती जिन्यातच पोट धरून हसायला लागली. "म्हंजे बायपास फाईलची झाली का मावशी? मग हा दम कोणाले लागून राहिला?"

इतका राग आला मला तिचा. आणि त्याहून जास्त राग आला की हे मला सुचलं नव्हतं. इतके दिवस मी भिंती धरून फिरले, यांच्याशी पाण्यावरून भांडले, पण मला दवाखान्यात घेऊन चला असं एकदाही म्हटलं नाही.

वर जाऊन यांना विचारलं, "डॉक्टरनं मले कधी पाह्यलं?"

"फाईल पाह्यली ना."

"माही चक्कर फाईलमधून दिसते काय?"

"सारं नॉर्मल हाय त्याच्यात. तू मनावर घेऊन राहिली."

दुसऱ्या दिवशी हे पेन्शनच्या कामाला बँकेत गेले तशी मी खालच्या दाराची कडी वाजवली. तिला म्हटलं, चल. तिने ऑटो केला. फाईल कपाटात होती, किल्लीही मला माहीत होती. नाही घेतली. दवाखान्याच्या खिडकीवर फक्त नाव सांगितलं.

आत एक तरुण डॉक्टरीण होती. पहिला प्रश्न, "आजी, फाईल कुठे आहे?"

"फाईल दोनदा येऊन गेली. यावेळी मी आले."

तिने पेन खाली ठेवला. मला आडवं करून प्रेशर घेतलं, मग उभं करून घेतलं, आणि उभं केल्यावर तिचा चेहराच बदलला. खालची पापणी ओढून पाहिली. हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तंबूसारखी तशीच उभी. पाणी किती पिता? मी सांगितलं. लघवीची गोळी अजून चालू आहे? म्हटलं, आहे. या उन्हात? म्हटलं, या उन्हात. तिने कपाळाला हात लावला. लगेच रक्त काढून तपासलं. म्हणाली, रक्त बरंच कमी झालंय, दम त्यानेच लागतो, ते भरायला महिने लागतील. चक्कर मात्र अंगातलं पाणी आटल्याची आहे. दीड लिटर सुजेपुरतं होतं, आजी. त्रास होतोय हे कुणी येऊन सांगायला नको होतं का?

"इथं जो पेशंट येऊन राहिला होता तो तर बोलतच नव्हता," खालची मध्येच म्हणाली, "फाईलच होती ना ती."

गोळी बंद झाली. पाणी वाढवलं, रोज वजन पाहायला सांगितलं, पाय सुजले किंवा वजन चढलं तर लगेच या, स्वतः या, म्हणाली. घरी आले तेव्हा हे दारातच उभे होते. मी त्यांच्यासमोर माठातून पेला भरला, बसून प्यायले. दुसरा भरला. ते खडूच्या खुणेकडे पाहत होते. मग मी नवा कागद त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी दोनदा वाचला आणि फाईलला लावला.

पौर्णिमेला मी उभी राहिले. चक्कर गेली होती, दम होताच. खालची माझ्या मागे हातभर अंतरावर उभी, "पडल्या तर धराले" म्हणे. मला माहीत होतं ती काय धरायला उभी आहे. माझा प्रत्येक श्वास ती मोजत होती आणि मलाही तिचं मोजणं पाठीवर कळत होतं. त्रिसरण झालं. पंचशीलाच्या पाचही ओळी मी म्हटल्या, दोन ओळींच्या मध्ये जरा जास्त थांबून, पण मीच म्हटल्या. पुढची लांब गाथा होती. ती नसती निघाली. मी माईकपासून एक पाऊल बाजूला सरकले आणि तिच्याकडे न पाहता हात केला. ती सुरू झाली. सूर चांगला लावला तिने, हे मी तिला सांगितलेलं नाही.

खुर्चीत बसले तर हे पुरुषांच्या बाजूने उठून आले. हातात बाटली, काठोकाठ भरलेली. रेघा घासून काढल्या होत्या, तरी थोड्या दिसत होत्या.

"घे," म्हणाले. "हवं तेवढं पे."

मी अर्धी प्यायले आणि परत दिली. त्यांना वाटलं, पाणी पिली म्हणजे मिटलं. मिटलेलं नाही. त्या बाटलीत आता मी मनीप्लांट लावला आहे आणि तो यांच्या खुर्चीसमोरच्या खिडकीत ठेवला आहे. पाणी मीच घालते, अंदाजाने.