चेहरा बदलून मिळणार नाही

फोटो काढायला आलेला माणूस कधी गप्प बसत नाही. केस विंचरताना बोलतो, पावडर लावताना बोलतो, आणि "आता हलू नका" म्हटलं की नेमकं त्याला सगळ्यात महत्त्वाचं काहीतरी आठवतं! मालवणच्या बाजारात तीस वर्षं माझा स्टुडिओ आहे. फोटो हार्ड डिस्कवर जातात, डिस्क भरली की गिऱ्हाइकाला विचारून जुने पुसता येतात. किस्से मात्र डोक्यात साचत राहतात आणि तिथे डिलीटचं बटण नाही. म्हणून चार माणसं भेटली की मी सुरू होतो.

आधी आमची माणसं सांगतो. आम्ही तिघं. अप्पा म्हणजे माझे गुरू, मूळ स्टुडिओ त्यांचा. वय ऐंशीच्या पुढे. रोज सकाळी दहाला येऊन बाकड्यावर पेपर वाचतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवतात. दुसरी प्रज्ञा, माझी भाची. कॉम्प्युटर, ड्रोन, अल्बम सगळं तिच्या हातात. आणि तिसरा मी, हट्टी माणूस. मालवणीत आडमुठो म्हणतात तो!

माझा हट्ट एकच. उजेड बदलेन, चेहरा बदलणार नाही. गोरं करणं, नाक बारीक करणं, सुरकुत्या पुसणं या दुकानात होणार नाही. आजकाल हे सगळं एका क्लिकवर होतं, फुकट होतं, आणि गिऱ्हाइकाला तेच हवं असतं. प्रज्ञाने मला सरळ सांगितलं, "मामा, दिवाळीपर्यंत तुमच्या पद्धतीने बघूया. तोपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर ते सॉफ्टवेअर मी घालणार. ते नको असेल तर मी पुण्याला जाते, तिकडे नोकरी आहे." ती गेली तर शटर ओढायचं, हे मलाही माहीत आणि तिलाही. मी म्हटलं, "चालेल. दिवाळीपर्यंत."

*

डिजिटल कॅमेरा आमच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा अप्पांनी त्याच्यासाठी देवाला गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. नवीन होडी घेतली की घालतात, मग कॅमेऱ्याने काय घोडं मारलंय? कॅमेरा पाटावर. हळद, कुंकू, फुलं. बाजारातली दहा-बारा डोकी जमली. अप्पा हात जोडून खणखणीत आवाजात सुरू झाले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान नवो कॅमेरो घेतलो हा, तेका यश दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"लग्नाच्या टायमाक तेची बॅटरी संपता नये म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो कोण आमच्या वायटावर आसात, तेचो फोटो हललेलो येव दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

एवढं झालं आणि अप्पांनी पाटाला लागूनच दगडावर नारळ आपटला. पाणी उडालं ते थेट कॅमेऱ्यावर. मागची स्क्रीन एकदा लुकलुकली आणि विझली. पहिला फोटो काढायच्या आधीच कॅमेरा पंधरा दिवस मुंबईला दुरुस्तीला! मला रडू यायचं बाकी होतं. अप्पांना त्याचं काही नाही. कॅमेऱ्याकडे तुच्छतेने बघत म्हणाले, "माझ्या रोलच्या कॅमेऱ्यान असले पन्नास नारळ सोसले. ह्यो पहिल्याच नारळाक मेलो!"

*

माझ्या हट्टाचं मूळ एका कोटात आहे.

आमच्याकडे माणूस गेला की घरच्यांना आठवण होते, अरे, ह्याचा एकट्याचा फोटोच नाही! मग कुणाच्या तरी लग्नाचा ग्रुप फोटो घेऊन येतात. त्यातलं डोकं कापायचं, खाली कोट-टाय लावायचा, मागे निळं आकाश. तेराव्याच्या आत फ्रेम तयार पाहिजे. आमच्या कॉम्प्युटरवर कोट एकच होता. निळा कोट, लाल टाय. जन्मभर पंचा नेसून नांगर धरलेला माणूसही आमच्याकडून साहेब होऊन जायचा. लोक खूश, मीही खूश.

एक दिवस एक वयनी फ्रेम घेऊन परत आल्या. नवरा नुकताच गेलेला.

मी विचारलं, "फोटो बरो नाय इलो?"

"फोटो बरो आसा. मुंडी आमच्याच माणसाची. पण कोट शेजारच्या भिकाजीचो आसा!"

"वयनी, तो कोट कोणाचोच नाय. कॉम्प्युटरातलो आसा."

"मगे भिकाजीच्या भिंतीवर कसो? तोच निळो, तीच टाय. आमच्या वाडीत सात घरांत बघितलंय मी!" मग आवाज चढला. "चाळीस वर्षां बांधावरना भांडले रे दोघे. एकामेकाच्या घरचा पाणी प्यायले नाय. आणि मेल्यावर तू दोघांका एकाच कोटात घातलंस?"

मी कॉम्प्युटर उघडला. त्यांच्या समोर तो कोट उचलून रिसायकल बिनमध्ये टाकला. लग्नातल्या फोटोत नवऱ्याच्या अंगात साधा सदरा होता, एक बटण तुटलेला. तोच ठेवून फ्रेम करून दिली. त्या दिवसापासून माणूस आहे तसा.

अप्पांना हे पटलं, असं नाही. त्यांनी आयुष्यभर निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून चेहरे साफ केलेले. मी डिवचलं, "तुमी तर खोटेपणाचे आजोबा!" तर म्हणाले, "पेन्सिल मी पण मारी. पण मी मुरुम काढी. नाक नाय काढलंय कोणाचा!"

*

ह्या वर्षी तारकर्लीला एक प्री-वेडिंग होतं. जोडपं पुण्याचं. त्यांना सूर्यास्त, ओली वाळू आणि वरून ड्रोन पाहिजे होता. प्रज्ञाने ड्रोन उडवला आणि नेमकी त्याच वेळी बाजूला रापण लागलेली. पस्तीस-चाळीस माणसं किनाऱ्यावरून ते भलंमोठं जाळं ओढत होती. डोक्यावर घूं घूं ऐकल्यावर त्यांचा म्होरक्या बाबी तावातावाने आमच्याकडे आला.

"बंद कर गो ता! मासो पळात!"

प्रज्ञा घाबरली नाही. तिने त्याच्यासमोर स्क्रीन धरली. बाबी आधी रागाने बघत होता, मग डोळे बारीक करून बघायला लागला. जाळ्याच्या टोकापासून थोडं दक्षिणेला पाण्यात एक काळसर डाग सरकत होता.

"अगो, तारली मासळी!" बाबी किंचाळला. "थंय हा ती! तुझा पाखरू त्या काळ्या डागाच्या वर उभा कर! रे पोरांनो, दुसरी होडी काढा!"

मग काय! प्रज्ञा हातातली कळ फिरवतेय, बाबी तिच्या खांद्यावरून "डावीकडे, आणखी डावीकडे" ओरडतोय, होडी त्या डागाकडे निघालीय. नवरा बिचारा सूट घालून गुडघाभर पाण्यात. शेवटी त्याने हाक मारली, "अहो, आमचा सनसेट!"

बाबीने मागे वळूनही बघितलं नाही. "सूर्य उद्या पण बुडतलो! तारली उद्या मेळतली, ह्येची ग्यारंटी खंय आसा?"

*

पावसाळा संपता संपता वेंगुर्ल्याचे एक निवृत्त गुरुजी आले. टोपी, छत्री, हातात कागदांची पिशवी आणि चेहरा रडवेला. त्यांना पेन्शनसाठी दरवर्षी आपण जिवंत असल्याचं दाखवावं लागतं. आता ते काम मशीन करतं. समोर बसायचं, मशीन चेहरा बघतं, जुन्या फोटोशी ताडून बघतं. गुरुजी तीनदा जाऊन आले होते. तिन्ही वेळा मशीन म्हणालं, हे ते नव्हेत!

जुना फोटो पाहिला आणि सगळं कळलं. कुठल्याशा शहरात मुलाकडे गेले असताना काढलेला. सुरकुत्या गायब, गालावरचा तीळ गायब, टकलावर केस! जावयासारखे दिसत होते गुरुजी.

"छत्तीस वर्षं मी मुलांची हजेरी घेतली हो," ते म्हणाले. "आता माझीच लागत नाही!"

प्रज्ञाने त्यांना बसवलं. चष्म्यावरची चमक जाईपर्यंत लाइट सरकवला, बाकी कशाला हात लावला नाही. तीळ, सुरकुत्या, टक्कल, सगळं जागच्या जागी. "हा फोटो द्या आणि नोंद बदलून घ्या," तिने सांगितलं. आठ-दहा दिवसांनी दुकानात फोन वाजला. मी उचलला. पलीकडून एकच शब्द आला.

"हजर!"

आणि फोन बंद. प्रज्ञा हसून म्हणाली, "मामा, हा एक तुमचा."

*

पण पुढचा माझा नव्हता.

बांद्याचं एक घर लग्नाच्या अल्बमसाठी आलं. मोठी ऑर्डर होती, दिवाळीपर्यंत निभावलं असतं एवढी. फोटो स्क्रीनवर लावले. मुलगी सावळी, तरतरीत, हसली की डोळ्यांतून हसणारी. आई म्हणाली, "छान आहेत, फक्त हिला थोडी गोरी करा. त्यांच्याकडचे सगळे गोरे आहेत."

मी म्हटलं, "वहिनी, ते आमच्याकडे होत नाही."

मुलगीच मध्ये बोलली, "आये, गोरी केल्यार ती दुसरीच कोण तरी दिसतली. लगीन माझा झाला मा?"

मला वाटलं, जिंकलो! आईने पर्स उचलली, मुलीला उठवलं आणि अल्बम दुसरीकडे गेला. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. ऑर्डरपेक्षा जास्त त्या पोरीचं वाटलं, कारण आता सासरी कपाटात तिच्या लग्नाचा अल्बम असेल आणि त्यात ती नसेल. तिसऱ्या दिवशी प्रज्ञा म्हणाली, "मामा, मुलीने तुमची बाजू घेतली. आणि आईने ऑर्डर घेतली."

अप्पांनी पेपर खाली केला. "म्हणान काय, शटर ओढूचा?"

"नाय," मी म्हटलं. "दिवाळी झाली नाय अजून."

*

दिवाळीला आठ दिवस राहिले होते. कसालच्या पलीकडच्या एका गावातून एक आजी एसटीने एकटीच आली. ऐंशीच्या घरातली. कमरेत वाकलेली, चेहरा उन्हाने भाजलेला, तोंडात दात बेताचेच. पिशवीतून तिने जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक फ्रेम काढली. आत पंचवीस-सव्वीस वर्षांचा एक तरुण. दाट केस, भांग पाडलेला, ओठांवर कोवळी मिशी.

"ह्यो माझो घोव," ती म्हणाली. "साप चावलो, पान लागला आणि गेलो. तेव्हा मी इस वर्षांची. चेडू पोटात."

मी फ्रेम हातात घेतली. "हेची कॉपी करूची आसा?"

"नाय रे. माझो काढ. माझो भिंतीवरचो. मी गेल्यावर पोरा खंयचो तरी काढून लावतली, तेच्यापेक्षा मीच बरो काढून ठेवतंय. हेच्या बाजूक लावतले." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण माका तरणी कर. आता कॉम्प्युटरात होता म्हणतत."

मी फ्रेम टेबलावर ठेवली.

"माझो तेव्हाचो फोटो नाय मा एक पण. आणि आता हो असो बाजूक लावलो तर येणारो-जाणारो काय म्हणतलो? आवशीचो नि झिलाचो फोटो आसा!"

नवरा-बायकोला लोक मायलेक समजतील म्हणून ती हसली, पण डोळे माझ्या तोंडाकडे लागलेले. प्रज्ञा माझ्याकडे बघत होती, अप्पा पेपर न वाचता माझ्याकडे बघत होते. खरं सांगतो, मी हललो. माझा नेम गेला खड्ड्यात, असं वाटलं. कोणाचं काय बिघडणार होतं? साठ वर्षं एकटीने काढलेली बाई. एक क्लिक, आणि इस वर्षांची!

पण मग भिंतीवर ती नसतीच. कॉम्प्युटरने कुठून तरी आणलेली एक मुलगी तिच्या नवऱ्याच्या शेजारी बसली असती.

"आजी," मी म्हटलं, "मी चेहरो बदलत नाय. आसा तसो काढतंय. नाय आवडलो तर नको घेव."

आजीचं तोंड एवढंसं झालं. तरी स्टुलावर बसली. पदर सारखा केला, हात गुडघ्यांवर, मान ताठ, पोलिसांनी पकडून आणल्यासारखी. तीन फोटो काढले, तिन्ही तसेच. दोन्ही फ्रेम एका मापाच्या हव्या होत्या, म्हणून प्रज्ञाला म्हटलं, नवऱ्याची फ्रेम कॅमेऱ्याच्या बाजूच्या खुर्चीवर ठेव, म्हणजे चेहरा तेवढाच मोठा घेता येईल. तिने ठेवली. आजीची नजर लेन्सवरून सुटली आणि तिकडे गेली.

सहज माझ्या तोंडातून निघालं, "आजी, तो बघता हा तुमच्याकडे."

"गप रे मेल्या!" आजी म्हणाली आणि झटकन पदराचं टोक ओठांवर धरलं. मान खाली गेली, डोळे मात्र वर.

मी बटण दाबलं.

प्रज्ञाने फोटो मोठ्या स्क्रीनवर लावला. माउसवर हात तसाच ठेवून तिने हळूच विचारलं, "मामा, काही करायचंय का?"

"कशाला हात लावू नको."

आजी उठली, स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. खूप वेळ बघत राहिली. मग खुर्चीवरची फ्रेम उचलून तिने स्क्रीनला टेकवून धरली, फोटोच्या बाजूला. आणि प्रज्ञाकडे वळून म्हणाली,

"बघ गो चेडवा, उगाच नाय नाय म्हणा होतो तुझो मामा. केल्यान मा माका तरणी! कॉम्प्युटर बरो येता हेका."