उसाच्या रांगेत चालू ठेवलेली गाडी

बायकोला माझं बहुतेक सगळं माहीत आहे, न सांगितलेलंसुद्धा. हे तेवढं नाही. आईला नव्हतं, आप्पांना नव्हतं, आणि ज्या माणसाला कळायला हवं होतं त्याला तर नव्हतंच. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही. म्हणून तर सांगायला जमेल असं वाटतंय.

गोष्ट दिसायला किरकोळ आहे. एका मोटरसायकलचं इंजिन जाम झालं — बस, एवढीच. कुणी मेलं नाही, कुणाचा हातपाय मोडला नाही. आज मी कुरकुंभच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. यंत्रं तापू नयेत हे बघणं हेच माझं काम. नवीन आलेल्या पोरांना मी त्यावर तासतासभर पिळतो, आणि पोरं माना डोलावतात. हा माणूस कुठल्या तोंडानं बोलतोय हे त्यांना कुठून माहीत असणार?

तर — आमचं गाव वडगाव रासाई, भीमेच्या काठावरचं. आजोबांपर्यंत आमच्याकडे मेंढरं होती. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेती धरली आणि घरात पहिली मोटरसायकल आणली. जुनीच, टू-स्ट्रोक, पण आप्पा तिला घोडीसारखी जपायचे. आणि गाडी जपायची म्हणजे ती दत्तूमामांच्या हाती द्यायची, हे आमच्या पंचक्रोशीत ठरलेलं होतं.

दत्तूमामा मेस्त्री मूळचे केंदूरचे. आमच्या चौकात पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज होतं. नात्यानं मामा कुणाचेच नव्हते, पण सगळं गाव त्यांना मामाच म्हणायचं. पंक्चर कुणीही काढतं हो. मामांची ख्याती होती ती इंजिनच्या कामाची. टू-स्ट्रोकचं इंजिन झिजलं की सिलिंडर आतून कातून घ्यायचा आणि त्यात नवा, किंचित जाड पिस्टन बसवायचा. दोघांच्या मधे गॅप किती ठेवायचा, यात मेस्त्रीचं सगळं कसब. कमी ठेवला तर पिस्टन तापून फुगतो आणि अडकतो. जास्त ठेवला तर गाडी खडखडते, धूर ओकते. मामांकडे मोजायचं साधन होतं, पण शेवटचा निकाल हाताचा. सिलिंडर उभा धरायचे, वरून कोरडा पिस्टन सोडायचे, खाली दुसरा तळहात. पिस्टन आपल्या वजनानं, कुठं न अडखळता, सावकाश उतरून तळहातावर आला पाहिजे. तेवढा वेळ डोळे मिटलेले. मग म्हणायचे, "बसला."

त्यांच्या हातची गाडी आवाजावरून ओळखू यायची. बांधावरून गेली तरी आप्पा मान वर न करता सांगायचे, मामांची आहे.

नव्वदीच्या शेवटी शेवटी आप्पांच्या गाडीचं इंजिन मामांनी नव्यानं बांधलं. मला तेव्हा कुरकुंभला नुकतीच नोकरी लागली होती, आणि आप्पांनी गाडी मला दिली — आपण सायकल घेतली. गाडी हातात देताना मामांनी मला समोर उभं केलं आणि पाठ म्हणून घ्यावा तसं बजावलं, "नवा पिस्टन हाय. म्हैनाभर रनिंगमधी समज, पिस्टन रुळूस्तवर. पळव, पर उभी तापवू नगो. वारा लागला तरच हिचं इंजिन गार ऱ्हातं. उभ्या गाडीला वारा कोन घालनार? उसाची रांग लागली की बंद करायची आन् ढकलायची. काय?"

"व्हय मामा," मी म्हणालो.

उसाची रांग तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. गळिताच्या दिवसांत पाटसच्या रस्त्याला कारखान्याकडे जाणाऱ्या टायरगाड्या, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, ट्रक — सगळं बैलांच्या पावलानं चालतं. बैल थांबले की सगळं थांबतं. आमच्याकडची शहाणी माणसं रांगेला लागली की गाडी बंद करून, न्यूट्रलला टाकून, दोन्ही पायांनी रेटत पुढे न्यायची. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. म्हातारे शेतकरी, मास्तर, कंपाउंडर, सगळे ढकलायचे.

त्या दिवशी सकाळी मीही ढकलत होतो. खरंच. दहा-पंधरा पावलं तर नक्कीच. रांगेत शेजारीच आमच्या कंपनीची बस अडकलेली. खिडकीतून आमच्याच डिपार्टमेंटचा एक जण ओरडला, "काय रं, गाडी तुला न्हेती का तू गाडीला?" बसमधली चार टाळकी हसली. एवढंच झालं. मी गप किक मारली.

इथं थांबून मला सांगावंसं वाटतं की मी तरुण होतो, नोकरी नवी होती, वगैरे. पण त्या हसण्यानं असं काय झालं होतं? काहीच नाही. बस पाच मिनिटांत बाजूनं वाट काढून निघूनही गेली. त्यानंतरची अर्ध्या-पाऊण तासाची रांग मी कुणाच्याही नजरेत नव्हतो — तरी गाडी चालूच ठेवली. पहिला गिअर, अर्धा क्लच, मधूनच रेस. का? कारण ढकलायचा कंटाळा आला. खरं कारण हे.

इंजिनची धग आधी नडग्यांना लागायला लागली. मग करपल्यासारखा वास. मग आवाज बारीक झाला, ओढ गेली आणि गाडी मेली. मला वाटलं, गार करू, होईल चालू. पुढच्या टायरगाडीला खाली पाण्याचा कॅन लटकत होता. गाडीवानानं माझा हात त्याच्याकडे गेलेला बघितला आणि म्हणाला, "पानी नगा वतू सायेब, आतलं आवळंल." मी ओतलं. मला ‘साहेब’ म्हणतोय आणि वर मलाच शिकवतोय, असं माझ्या डोक्यात आलं होतं, हेही सांगून टाकतो. चर्रकन आवाज झाला, वाफ आली. सिलिंडर बाहेरून आकसला, आत पिस्टन फुगलेलाच. किकवर उभा राहिलो तरी किक खाली जाईना.

बाभळीखाली बसून राहिलो. बऱ्याच वेळानं किक सुटली, गाडी चालू झाली, पण आतून माशाच्या खवल्यांवर सुरी फिरवावी तसा आवाज. तशीच कंपनीत नेली, तशीच संध्याकाळी घरी आणली.

आणि आता — हे सगळ्यात वाईट. घरी येताना मी नदीच्या अलीकडे थांबलो. इंजिनच्या पट्ट्यांवर पाणी वाळून पांढरे डाग पडले होते. डिकीतलं फडकं पेट्रोलमध्ये बुडवून मी ते एकेक पुसले. पट्ट्यांच्या आत बोट घालून पुसले. म्हणजे पुढे जे बोललो ते घाबरून तोंडातून निसटलं, असं म्हणायची सोय नाही. मी तयारी करून गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी आप्पा आणि मी गाडी घेऊन मामांकडे गेलो. मामांनी इंजिन उघडलं. पिस्टनवर चारी बाजूंनी उभे चरे पडलेले. त्यांनी तो उजेडात धरला, फिरवला, परत फिरवला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "रांगेत बंद केली व्हती ना?"

"व्हय मामा."

"चालू ठिवून न्हाई ना आनली? थोडीबी?"

मी म्हणालो, "न्हाई मामा. पाटसपतूर ढकलत गेलो. शर्ट भिजला घामानं."

घामाचं कुणी विचारलं होतं? मी आपणहून घातलं.

पिस्टन त्यांच्या हातात होता. त्यावर झाला प्रकार सरळ लिहिलेला होता, आणि तो वाचता येणारा तालुक्यात त्यांच्यासारखा दुसरा माणूस नव्हता. पण समोर मी होतो. त्यांनी मला चड्डीत असल्यापासून बघितलेलं, आणि शेजारी माझा बाप उभा. बापाच्या तोंडावर पोराला खोटं पाडायचं नाही, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. पण मामा तेवढ्यासाठी थांबले असंही नाही. त्यांनी पिस्टनपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. पिस्टन फडक्यावर ठेवला आणि म्हणाले, "मंग माझाच गॅप कमी पडला."

आप्पा वाईट बोलणारे नव्हते. ते एवढंच म्हणाले, "मेस्त्री, तुमच्याकडनं आसं व्हाया नको हुतं."

शेडमध्ये आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं बसली होती. सगळ्यांनी ऐकलं. मी चपलेनं मातीत रेघा ओढत उभा होतो.

मामांनी सगळं काम पुन्हा करून दिलं, मजुरीचं नाव काढलं नाही. गाडी सुरू झाली तेव्हा आप्पांनी कान दिला. गाडी खडखडत होती. मामांनी ह्या खेपेला गॅप जास्त ठेवला होता.

मला वाटलं, एवढ्यावर भागलं. नाही भागलं. मामा त्यानंतर प्रत्येकच गाडीला गॅप जास्त ठेवू लागले. भिऊन. पिस्टन सिलिंडरमध्ये सोडायचे, तो नीट उतरून तळहातावर यायचा, आणि ‘बसला’ म्हणायच्या ऐवजी ते तो परत वर काढायचे. पुन्हा सोडायचे. पुन्हा काढायचे. आणि शेवटी सिलिंडर आणखी कातायला पाठवायचे. मी हे स्वतः बघितलं आहे, दोनदा. दोन्ही वेळा मी हवा भरायला गेलो होतो, हवा भरली आणि निघून आलो.

गाड्या धूर टाकायला लागल्या. लोक म्हणायला लागले, मामांचा हात गेला. केंदूर-पाबळहून येणारी गिऱ्हाइकं शिरूरला जायला लागली. वर्षा-दीड वर्षात मामांनी इंजिनची कामं घेणंच बंद केलं. ऑइल बदल, ब्रेक आवळ, पंक्चर काढ. माणूस तोच, शेड तीच, पण त्यांच्याकडे बघवत नसे.

पुढे फोर-स्ट्रोक गाड्या आल्या, आणि टू-स्ट्रोकवाले बरेच मेस्त्री बसले. मामाही त्यातच बसले असते, अशी समजूत मी वर्षानुवर्षं काढली. चांगली टिकाऊ समजूत आहे, फक्त खरी नाही. मामांच्या निम्म्यानंही हात नसलेले लोक शिकले, आजही गॅरेज चालवतात. मामांना मीच एकदा म्हणालो होतो, मामा, शिकून घ्या की, तुम्हाला काय अवघड आहे. त्यावर ते म्हणाले, "आता माझा माझ्यावर भरवसा न्हाई बाबा." मी हे ऐकलं आणि चहा संपवला. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. किती शब्द लागतात? मामा, गाडी मी चालू ठेवली होती. सहा शब्द. मला ते आप्पांच्या देखत बोलता आले नाहीत आणि आप्पांच्या माघारीही नाहीत. आधी आप्पा काय म्हणतील म्हणून नाही, नंतर नोकरीत मान मिळायला लागला म्हणून नाही, मग लग्न ठरतंय म्हणून नाही. दर वेळी नवीन कारण सापडत गेलं.

शेवटी मामा शेड सोडून केंदूरला भावाकडे गेले, त्याच्या मळ्यात.

त्यानंतर काही वर्षांनी आप्पा वारले. ते गेले त्याच वर्षी मी शिरूरच्या बाजारात भाजी घेत होतो. कोथिंबिरीच्या जुड्यांमागे गोणपाटावर मामा बसलेले. दाढी पांढरी झालेली, पण बोटांच्या पेरांत काळं ऑइल अजून होतं, की मला तसं वाटलं, सांगता येत नाही. त्यांनी मला ओळखलं. आप्पांचं विचारलं. मी सांगितलं. ते पटकन उठून उभे राहिले.

"गेले? मला यायचं हुतं रं भेटाया," म्हणाले. "लई दिस मनात हुतं. त्यांची गाडी माझ्या हातनं खराब झाली. त्यांनी इस्वासानं दिलेली. एकदा पाय धरून माफी मागायची हुती, तेवढी ऱ्हायली."

मी म्हणालो, "मामा, कुठलं काय घेऊन बसलात."

"न्हाई, आसं न्हाई. त्ये तर गेले. आता तूच." आणि त्या माणसानं भर बाजारात, माझ्यापुढे हात जोडले. "त्यांच्या वतीनं माफ केलं म्हन."

बाजार चालू होता. आप्पा नव्हते, कंपनीची बस नव्हती, आम्हा दोघांना ओळखणारं आजूबाजूला कुणीच नव्हतं. भ्यायला एकही माणूस उरला नव्हता. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, तेवढा वेळ माझ्याकडे होता.

मी म्हणालो, "केलं मामा. माफ केलं."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. डोळे पुसले. आज मोकळं वाटलं, म्हणाले. नको म्हणत असताना पिशवीत कोथिंबिरीच्या दोन जुड्या घातल्या, आणि मी त्या घरी आणल्या. त्यानंतर मामा पुष्कळ वर्षं जगले. मी केंदूरला गेलो नाही.