मॅडमशी माझं ब्रेकअप

मी घरून नोकरी करतो, हे मराठीत सांगायची काही सोयच नाही. 'घरी असतो' म्हटलं की पोरगं रिकामटेकडं. 'रिमोट' म्हटलं की टीव्हीचा. मुरगूडच्या एका पाव्हण्यांनी तर तोंडावर विचारलं, "म्हंजे टीव्ही दुरुस्त करता व्हय?" तीन-चार स्थळं अशीच हातची गेली.

मग जयसिंगपूरचं स्थळ आलं. मुलगी शाळेत शिकवायची, मोकळं हसायची, आणि मला आवडली. लई आवडली. पण तिचे वडील, म्हणजे आमच्याकडच्या रीतीनं माझे होणारे मामा, म्हणाले, "पोराची नोकरी डोळ्यानं बघितल्याबिगर फुडं बोलायचं न्हाय." आणि एका सोमवारी सकाळीच आमच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटवर येऊन माझ्या लॅपटॉपशेजारी खुर्ची टाकून बसले.

बेंगळुरूच्या माझ्या साहेब मॅडम स्क्रीनवर आल्या आणि नेमकी तेव्हाच इंटरनेटनं मान टाकली.

"यू आर ब्रेकिंग अप," मॅडम म्हणाल्या.

"नो नो मॅडम! आय ॲम नॉट ब्रेकिंग अप!" मी बोंबललो.

आवाज तुटतोय, एवढंच म्हणत होती हो ती बाई. पण ब्रेकअप हा शब्द आता आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतो. मामांचा चहाचा कप तोंडाशीच थांबला.

"आय कान्ट सी यू एनीमोर."

"प्लीज मॅडम, डोन्ट लीव्ह! गिव्ह मी वन चान्स!"

"लेट्स टॉक ऑफलाइन," म्हणून मॅडम गायब.

मामांनी कप ठेवला, चपला घातल्या आणि ते जिना उतरले. आईनं कपाळाला हात लावला. "कोण रं ती भवानी?" म्हणाली. एवढं इंग्रजी घोकलं ते स्वतःचं लग्न मोडायला, असं वाटून स्वतःचाच संताप आला. दिवसभर जेवण गेलं नाही.

संध्याकाळी मामांचा फोन आला. मी हात जोडूनच उचलला.

"नोकरी खरी हाय तुमची," ते म्हणाले. "बाई बी खरी हाय."

"मामा, तसं न्हाय वो! ते नेटवर्क तुटलं सकाळी..."

"तुटलं न्हवं? माझ्या कानानं ऐकलंय की मी. मग झालं तर! पोरगी तयार हाय. तारीख काढा."