दोन तारांवरची मोटार

"मागं व्हा मंडळी, ती उठतीया," असं म्हणून मिस्त्री आधी तळहातावर थुंकायचे, मग धोतर वर खोचायचे आणि मोटारीच्या पुलीला जाड सुती दोरी गुंडाळायला लागायचे. लोणावळ्याच्या बाजारामागे त्यांचा कारखाना होता. रोज सकाळी पाच-सहा माणसं एवढं बघायला थांबायची. मीही असायचो. नगरपालिकेतला कारकून मी. कचेरी समोरच, आणि त्या वेळी कचेरीत करण्यासारखं काही नसायचं. नंतरही नसायचं.

कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, एक लेथ, एक भोकं पाडायचं यंत्र आणि एक धारेचा दगड. पट्ट्यांनी या सगळ्यांना फिरवणारी मोटार मिस्त्रींनी मुंबईच्या एका गिरणीच्या मोडीतून आणली होती. आणल्यावर कळलं, तिला तीन तारांची वीज लागते. गावात आली होती दोन तारांची. खरं तर वीज आमच्याच धरणांच्या पाण्याची, पण ती मोठमोठ्या मनोऱ्यांवरून आमच्या डोक्यावरून थेट मुंबईला जायची. जाता जाता खंडाळ्याच्या बंगल्यांतले पंखे फिरवायची आणि उरलीसुरली आमच्या वाट्याला. तिसऱ्या तारेसाठी मिस्त्रींनी अर्ज केला. वीज कंपनीने तो नगरपालिकेकडे धाडला, नगरपालिकेने वीज कंपनीकडे. दर खेपेला त्या अर्जाला निरोप द्यायचं काम माझ्याकडे होतं.

दोन तारांवर ती मोटार नुसती घुमायची, जागची हलायची नाही. पण दोरीच्या हिसक्याने तिला फिरती केली आणि त्याच क्षणी खटका दाबला, की ती चालू राहायची. मिस्त्री उजव्या हाताने दोरी ओढायचे, डाव्याने खटका दाबायचे आणि आरोळी ठोकायचे, "उठली!" मग दिवसभर मधूनमधून तिच्या अंगाला उलटा हात लावून ताप बघायचे. फार तापली की सगळ्यांना विश्रांती, गिऱ्हाइकालासुद्धा.

एकदा वीज कंपनीचे साहेब आले. त्यांनी शांतपणे सगळं पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर आहे, अशी चालते. ताकद कमी मिळते एवढंच. कुणालाही जमेल."

साहेबांनी शिवी दिली असती तर मिस्त्रींनी ती गोड मानून घेतली असती. पण हे फार लागलं. पुढे आठवडाभर ते मला अडवून विचारत होते, "भाऊ, कुनालाबी?"

पण त्यांचं नशीब बघा. ते सोमाटण्याला लग्नाला गेले असताना बाजारातल्या भंगारवाल्या शेटना खुमखुमी आली. त्यांचा त्या मोटारीवर पहिल्यापासून डोळा होता. साहेबांच्या शब्दावर विसंबून त्यांनी दोरी गुंडाळली, ती उलटी. ही मोटार अशी, की पहिला हिसका जिकडे बसेल तिकडेच फिरणार. लेथ उलटी धावली. तिच्या तोंडावरचा, काम पकडून धरणारा जडशीळ चक आट्यांवरून सुटत सुटत धाडकन जमिनीवर आला आणि शेट रस्ता ओलांडून आमच्या कचेरीत आले.

मिस्त्री परतले, पडलेला चक बघितला आणि त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगावं! "कुनालाबी जमतंय म्हनं!" येणाऱ्या-जाणाऱ्याला ते चक दाखवायचे. "माज्या हाताबिगर उठायची न्हाई ती." गावाने हे मनोमन मान्य केलं.

पुढे काही वर्षांनी मिस्त्री मोटार सुरू करताना दार लावून घेऊ लागले. म्हणायचे, "तिला आताशा लाज वाटतीया. चारचौघांत उठत न्हाई." आम्ही हसायचो. बंद दाराआड घुमण्याचा आवाज व्हायचा, "उठली!" ऐकू यायचं आणि मिस्त्री कपाळ पुसत दार उघडायचे. कपाळ कोरडं असायचं. ते मला दिसायचं, पण दिसलेलं सगळंच बोलून दाखवलं तर कारकुनाची नोकरी टिकत नाही.

एका सकाळी कचेरीच्या पंपाचा मोडका दांडा घेऊन मी मागच्या दाराने गेलो. आत वहिनी, म्हणजे मिस्त्रींची बायको, पदर खोचून दोरी गुंडाळत होत्या. मिस्त्री खटक्यापाशी उभे होते. त्यांचा उजवा हात खांद्यातून गेला होता. तो त्यांनी छातीशी धरला होता. वहिनींनी दोन्ही हातांनी दोरी ओढली, यांनी खटका दाबला आणि छाती काढून ओरडले, "उठली!" एरवी मी पोट धरून हसलो असतो. त्या दिवशी मात्र मला त्या दोघांविषयी फार माया वाटली. मी आल्या पावली परत गेलो.

मिस्त्री एका हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने गेले. तेरावं झालं आणि शेट दारात उभे. "वहिनी, मोटार मोडीत द्या. त्यांच्या हाताशिवाय ते नुसतं लोखंड." जमलेल्या मंडळींनी माना डोलावल्या. कामशेतचा एक कारागीर शेड भाड्याने चालवायला तयार होता, पण मोटार उठली तरच. वहिनींना दुसरा आधार नव्हता. आणि मोटार उठणार नाही, हे खुद्द मिस्त्रींनीच गावाला पटवून ठेवलेलं.

वहिनी उठल्या. "मागं व्हा समदी. तिला लाज वाटतीया." मला तेवढं खुणेने आत घेतलं आणि दार लावलं.

"भाऊजी, त्या दिशी मागल्या दारात तुमी व्हता, ठावं हाय मला. खटका तुमी दाबा. तेवढंच ते करायचे."

त्यांनी दोरी ओढली. मला उशीर झाला. मोटार घुमली आणि थांबली. बाहेर शेट खाकरले. पुढच्या खेपेला मी घाई केली. त्यानंतर कुठे जमलं. पट्टे सळसळले, लेथ सरळ फिरू लागली. आरोळी ठोकायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. बाहेरची माणसं बहुधा त्या आरोळीचीच वाट बघत होती.

वहिनींनी मोटारीच्या अंगाला उलटा हात लावला आणि तो तसाच ठेवला.

"लय येळेवर दाबायचे वो," त्या म्हणाल्या.