कोर्टात गेलेली झोळी

तमिळ मुलखातल्या मेलकावेरीच्या रामदासी मठाची स्वतःची भातशेती होती, कोठार भरलेले असे. तरी दर गुरुवारी मठाचा सेवेकरी व्यंकोबा खांद्याला झोळी अडकवून भिक्षेला निघे. देवाचा नैवेद्य भिक्षेच्याच तांदळाचा, हा मठाचा जुना नेम. मठ कितीही श्रीमंत झाला तरी हात पसरायला विसरू नये, म्हणून. मराठी दार असो, तमिळ असो, विणकराचे असो, मूठ पडे. जाडा, बारीक, उकडा, सगळा तांदूळ एका पातेल्यात. तो भात कधी सारखा शिजलाच नाही. कुठे कच्चा, कुठे गिचका. व्यंकोबाला देवाची चव तीच वाटे.

१९५३ साली मठाचे वारस हनुमंतराव आणि सेतुराम, सख्खे चुलतभाऊ, शेतीच्या उत्पन्नावरून भांडले आणि कोर्टात गेले. कोर्टाने निकालापर्यंत कारभार पाहायला रिसीव्हर नेमला. माणूस सज्जन होता, हेच वाईट. कोठार पाहून तो म्हणाला, "एवढं धान्य असताना दारोदार फिरता? ही लोकांची फसवणूक आहे. बंद करा." दोघा भावांनी माना डोलावल्या. एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचे एकमत झाले. झोळी कोठारात कुलपाआड गेली.

व्यंकोबाच्या अंगाचा तिळपापड झाला. कधी आवाज न चढवणारा तो म्हातारा कोर्टात जाऊन तमिळमध्ये गरजला.

"अय्या, साहेब, शेत कुणाचं ते खुशाल ठरवा. माझ्या देवानं काय जेवायचं तेही तुम्हीच ठरवणार?"

न्यायाधीश वडीलधाऱ्याला द्यावा तसा मान देत शांतपणे म्हणाले, "मी तुमच्या मठात आलो नाही, पेरियवर. तुमचा मठ माझ्याकडे आला. भिक्षा धर्म की उत्पन्न, हे समोर आलं की मला बोलावंच लागतं. दोन्ही पक्ष उत्पन्न म्हणतात, आणि उत्पन्नावर रिसीव्हरचा हुकूम चालतो."

"पक्ष? त्या पोरांना मी खांद्यावर खेळवलंय! पक्ष कधी झाले ते?"

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश मात्र हसले नाहीत. "त्यांनी दावा काढून घेतला, तर मी आजच गप्प बसेन."

ते खरेच होते, म्हणून व्यंकोबाला अधिक झोंबले.

गुरुवारी त्याने धोतर फाडून झोळी शिवली आणि थेट हनुमंतरावाचे दार गाठले. हनुमंतराव मापभर तांदूळ घेऊन आला.

"घ्या मामा. रिसीव्हरला सांगू नका."

व्यंकोबाने झोळीचे तोंड मुठीत आवळले. "तांदूळ नको. तुझा दावा घाल यात."

"आधी सेतुरामनं घालावा."

शेजारच्या ओट्यावरून सेतुराम ओरडला, "अण्णानं सुरू केलं, अण्णाच घालेल!"

"कान शाबूत आहेत म्हणायचे!" व्यंकोबा म्हणाला. "मग झोळी कुलपात गेली तेव्हा बहिरा झालास होय? तुमच्या बापांच्या हातची मूठ घेतली, आजाच्या हातची घेतली. तुमची घेणार नाही."

भिक्षेकऱ्याने दार नाकारलेले त्या गल्लीने आजवर पाहिले नव्हते. हनुमंतरावाच्या हातातले माप तसेच राहिले. बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या, आणि मग एकेक मूठ पडू लागली.

रिसीव्हर धावत आला. "कोर्टाचा हुकूम आहे!"

"मठाच्या झोळीला. ती तुमच्या कुलपात आहे. हे माझं धोतर."

मठाच्या पायरीवर तीन दगड मांडून त्याने भात शिजवला आणि रिसीव्हरने लावून घेतलेल्या दारासमोर नैवेद्य दाखवला. भात नेहमीसारखाच, कुठे कच्चा, कुठे गिचका.

दावा चालूच राहिला. दर गुरुवारी त्या दोन दारांसमोर व्यंकोबा थांबे, झोळीचे तोंड आवळून धरी, आणि पुढे जाई.