न धुतलेला सदरा

मुंबईची नोकरी सुटली आणि आमचे हे गावी आले. पिणंही त्यांच्याबरोबर आलं. मुली लग्न होऊन गेल्या. घरात आम्ही दोघं, त्यातही दिवस कलला की मी एकटीच.

दवाखान्याकडून घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंनी सांगितलं, महाडच्या सरकारी दवाखान्यात ज्यांना दारू सोडायची असेल त्यांच्याशी बोलायला एक मॅडम बसतात. "यजमानांना घेऊन जा." मी विषय काढला तर हे म्हणाले, "मी काय येडा हाय?"

मग मी एकटीच पोलादपूरहून एसटीनं गेले. दवाखान्यात विचारायचा धीर होईना. त्यात चुलत जाऊ भेटली.

"काय गो, काय झालं?"

"गुडघा दुखतो."

तिच्यापायी गुडघ्याच्या रांगेत उभी राहिले, गोळ्याही घेतल्या. ती गेल्यावर शिपाईमामांना हळूच विचारलं. ते मोठ्यानं म्हणाले, "दारूवाल्यांचं ना? त्या टोकाला!" सगळे बघायला लागले.

मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. "पेशंट कुठे आहेत?"

मी पिशवीतून ह्यांचा सदरा काढून टेबलावर ठेवला. आमच्याकडं आजारी माणूस स्वतः येत नसला की भगताकडं, म्हणजे देवऋषाकडं, त्याचा अंगावरचा कपडा नेतात. धुवायचा नाही, नाहीतर भगताला काही दिसत नाही. तसाच नेला होता. खोलीभर वास सुटला तेव्हा मला कळलं, इथं कपडा चालत नाही. उचलायला गेले तर त्या म्हणाल्या, "राहू द्या. बसा. तुमचं सांगा."

"माझं काय? मी पीत नाय."

"म्हणजे सगळं शुद्धीत सोसता."

मला हसू आलं, आणि मग रडूच. किती बोलले कोण जाणे. घरात एवढं ऐकायला होतंच कोण? निघताना त्या म्हणाल्या, "शपथा घालू नका. शुद्धीत असतील तेव्हा खरं सांगा. ते नाही आले तरी तुम्ही या."

घरी हे सदरा शोधत होते. "कुठं नेलास?"

खोटं अगदी ओठावर आलं होतं. पण हे शुद्धीत होते. "दारू सोडवणाऱ्या मॅडमकडं."

मी पिशवीतून सदरा काढला. हे म्हणाले, "मग? काय बोलला सदरा?"

"तो नाय बोलला. मीच बोलले."

त्यांनी सदरा माझ्या हातातून ओढून अंगात घातला आणि बाहेर पडले. कुठं ते मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तो धुऊन वाळत घातला. पुढच्या खेपेला निघताना विचारलं, "येता काय?" त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

दवाखान्यात पुन्हा तीच जाऊ. "अजून दुखतो काय गो गुडघा?"

"नाय," म्हटलं, आणि तिच्या देखत त्या टोकाकडं चालू लागले.