फोनची गवसणी

मोबाइल बदलला की जुनं कव्हर नव्याला बसतंय का, हे मी कधी करून बघत नाही. जुनं सरळ टाकून देते आणि नवं घेते. घरात मला त्यावरून उधळी म्हणतात. म्हणोत बापडे. एका जुन्या कव्हरापायी गल्लीत आमची जी शोभा झाली, ती त्यांनी पाहिलेली नाही.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आम्ही काशीत रामघाटाच्या वरच्या गल्लीत राहत होतो. बाबा पाठशाळेत शिकवायचे. घरात आई, मी आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या. आत्याचं लग्न झालं नव्हतं. का झालं नव्हतं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिला शिवणाचं वेड होतं. विणकरांकडून किनखापाच्या कतरनी, म्हणजे उरलेसुरले तुकडे, आणायची आणि घरातल्या हरेक वस्तूला गवसणी शिवायची. तंबोऱ्याला गवसणी असते, हे जगाला मान्य आहे. आमच्याकडे रेडिओला होती, मिक्सरला होती, पाण्याच्या फिल्टरलाही होती. बाबा म्हणायचे, "अक्का, मी जरा वेळ स्वस्थ बसलो तर मलाही शिवून टाकशील."

तेव्हा फोनला गवसणी असणार हे ओघानं आलंच. आमचा फोन काळा, डायलचा. गल्लीत तो एकच असल्यामुळे अर्ध्या गल्लीचे फोन आमच्याकडे यायचे. आत्यानं त्याला जांभळ्या किनखापाचा अंगरखा शिवला होता, डायलपुरतं गोल भोक ठेवून. रिसीव्हरला वेगळी बाही, आत कापूस भरून टीप मारलेली, का तर हिवाळ्यात कानाला गार लागू नये. तो रिसीव्हर वरवंट्यासारखा जड होता. कापूस असो, काही असो, तो आपल्या वजनानं दाबून बसायचा.

त्या वर्षी संक्रांतीनंतर इंदूरचं एक कुटुंब काशीयात्रेला आलं. त्यांचा मुलगा बँकेत होता, लग्नाचा होता, आणि मीही लग्नाची होते. कुणीतरी दोन्हीकडे निरोप पोचवला. त्रिस्थळी यात्रा होते आहे, तर जाता जाता मुलगीही बघून होईल, असा त्यांनी विचार केला असावा. आईनं पोह्यांऐवजी चुडा-मटर केला. थंडीत आमच्याकडे तोच होतो, पण मुलाच्या आईनं चमच्यानं मटार बाजूला सारून विचारलं, "हे पोहे असेच करतात का इकडे?" मग मला विचारलं, "तू काय करतेस?" मी म्हटलं, "मी आत्ता ट्यूशन पढवते."

"पढवते!" त्या मुलाकडे बघून हसल्या. तोही हसला. वाईट नाही हसला, पण हसला. माझे कान गरम झाले. घरात आम्ही सगळे असंच बोलायचो, आणि त्या घडीपर्यंत मला ते मराठीच वाटत होतं.

निघताना बाबांनी त्यांना फोन नंबर दिला, त्यांचा घेतला आणि कोपऱ्यातल्या फोनकडे बोट केलं. मुलाच्या आईनं गवसणीवरून हात फिरवला. "अगंबाई, फोनलासुद्धा शालू! कुणी शिवला?" आत्या दारामागून पुढे आली. इतकं खूश झालेलं मी तिला क्वचितच पाहिलं होतं. "घरी पोचलो की दोन-चार दिवसांत फोन करतो," असं म्हणून मंडळी गेली.

आणि त्याच आठवड्यात टेलिफोन खात्याचा माणूस आला. एक्स्चेंज नवं झालं होतं, जुने डायलचे फोन काढून बटणांचे देत होते. आमचा काळा फोन त्यानं झोळीत टाकला आणि एक पिवळट, चपटा, साबणाच्या डबीएवढा हलका फोन ठेवून गेला. आत्याला तो उघडावाघडा बघवेना. त्यातून इंदूरच्या बाईंनी जिचं कौतुक केलं ती गवसणी, ती काही कपाटात पडून राहणार नव्हती. बाबा म्हणाले, "अक्का, ती याला होणार नाही." ती म्हणाली, "होईल. चार चुण्या घातल्या की होईल." अंगरख्याला चुण्या पडल्या, थोरल्या भावाचा सदरा घातल्यासारखा फोन दिसू लागला. बाही रिसीव्हरवर चढली. सगळं साजरं झालं.

मग आम्ही वाट बघू लागलो.

बाबांनी हुकूम काढला की या घरातून कुणीही फोन लावायचा नाही, लाइन मोकळी राहिली पाहिजे. शेजाऱ्यांनाही हात जोडून सांगितलं. त्यामुळे झालं असं, की ज्यांना आमच्या घरी मुलगी दाखवल्याचं ठाऊक नव्हतं त्यांनाही ठाऊक झालं. मी घाटावर कपडे घेऊन उतरले की पायऱ्यांवरच्या बायका धुणं थांबवून विचारायच्या, "आला का गं?" दूधवाला भांड्यात दूध ओतता ओतता म्हणायचा, "का हो बिटिया, फोनवा आयल कि नाहीं?" मी मान हलवायची. आधी हसून हलवायची, मग नुसतीच. पुढे पुढे दूध घ्यायला मी आईला पाठवू लागले.

खोटं कशाला सांगू, मला तो मुलगा आवडला होता. त्यानं चुडा-मटर दुसऱ्यांदा मागून घेतला होता, एवढ्याशा आधारावर मी बरंच काही रचून ठेवलं होतं. ते रचलेलं कुणाला दिसू नये म्हणून मी फोनच्या खोलीत पाऊल टाकत नव्हते. शेजारच्या खोलीत पुस्तक उघडून बसायची आणि पान उलटायला विसरायची. आईच्या ते लक्षात यायचं. ती काही बोलायची नाही, आणि तिच्या न बोलण्याचीच मला जास्त लाज वाटायची.

फोन वाजला नाही. इंदूरचा नाहीच, पण कुणाचाच वाजला नाही. आम्हाला ते विचित्र वाटायला हवं होतं. पण सगळं घर एकाच फोनला कान लावून बसलेलं, बाकीचे आले नाहीत तर बरंच, असं आम्ही धरून चाललो. तो आठवडा गेला, पुढचाही सरत आला.

मग एका सकाळी शेजारच्या काकू तणतणत आल्या. त्यांची मुलगी जबलपूरला दिलेली, ती दर रविवारी आमच्याकडे फोन करायची. तिचं पत्र आलं होतं. "सारखा एंगेज, सारखा एंगेज! काय हो, रात्रंदिवस बोलता तरी कुणाशी?"

बाबा उठून फोनपाशी गेले. त्यांनी रिसीव्हर उचलला, कानाला लावला, काही ऐकू येईना. मग त्यांनी त्याची बाही ओढून काढली आणि उघडा रिसीव्हर जागेवर ठेवला. खट्‌ असा आवाज झाला. आम्ही सगळ्यांनी तो ऐकला. नव्या फोनचं, रिसीव्हर ठेवला की दाबलं जाणारं, ते बटण बारीकसं होतं आणि रिसीव्हर हलका. कापसावर तो नुसता तरंगत होता, खाली बसतच नव्हता. इतके दिवस आमचा फोन उचललेलाच होता.

आई आत्याकडे वळली. "वन्सं," एवढंच म्हणाली. आत्या भिंतीला टेकून उभी होती, हात पदरात गुंडाळलेले. आणि मला, शरमेनं सांगते, मला आनंद झाला. उकळ्या फुटल्या म्हणतात तसा आनंद. म्हणजे ते फोन करत होते! बिचारे करून करून थकले असतील. माझ्यात काही खोट नव्हती, खोट कापसात होती.

संध्याकाळी बाबांनी इंदूरला फोन लावायचं ठरवलं. त्यांची बोटं जाड, त्या इवल्या बटणांवर दोन-दोन एकदम दाबली जायची, म्हणून नंबर मी लावला आणि तिथेच उभी राहिले. आत्या खाली बसून बाहीची टीप उसवत होती. आई आणि काकू आत स्वयंपाकघरात. नव्या फोनचा आवाज मोठा होता, पलीकडचं बोलणं खोलीभर ऐकू यायचं.

"नमस्कार, मी काशीहून बोलतोय," बाबा म्हणाले. "अहो, काय सांगू, आमचा फोन बंद पडला होता. म्हणजे त्याच्यावर एक गवसणी... जाऊ दे. तुम्हाला फार त्रास झाला असेल. इतक्या वेळा लावायचा म्हणजे..."

"कसला त्रास?" मुलाचे वडील होते. "छे छे, आम्ही नव्हता केला फोन." मग थोडं थांबून, "अहो, तुम्ही वाट बघत होतात की काय? आम्हाला वाटलं, फोन आला नाही म्हणजे तुम्ही समजून घ्याल. मुलाचं तर तिथून निघतानाच ठरलं होतं. मुलगी चांगली आहे हो, तसं काही नाही, पण आमच्यात तिला जरा परकं परकं वाटेल."

"हो, हो. बरोबर आहे," बाबा म्हणाले. "प्रवास नीट झाला ना? गंगाजलाचे गडू फुटले-बिटले नाहीत ना?" ते हसत होते. पलीकडच्यांना तो हसरा चेहरा दिसत नव्हता. मला आणि आत्याला दिसत होता. त्यांनी मुलाच्या आजीची तब्येत विचारली, हवा विचारली, आणि रिसीव्हर अगदी सावकाश जागेवर ठेवला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी त्यांच्या पायांकडे बघत होते. पृथ्वीनं पोटात घ्यावं असं म्हणतात ते मला तेव्हा कळलं. खोलीत आम्ही तिघंच होतो, तरी हजार माणसांसमोर उभी असल्यासारखं वाटत होतं.

आतून आई हात पुसत आली, मागोमाग काकू. "काय म्हणाले?"

बाबांनी तोंड उघडलं, पण त्याआधी आत्या बोलली. बसल्या जागेवरून, चांगल्या मोठ्या आवाजात, काकूंना नीट ऐकू जाईल असं. "करत होते गं फोन बिचारे. लागेचना. शेवटी कंटाळून दुसरीकडे जमवलं त्यांनी. माझीच गवसणी नडली."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ती उसवतच राहिली. बाबा उठून दिवा लावायला गेले.

काकूंच्या पोटात गोष्ट राहायची नाही. सकाळपर्यंत ती रामघाटावर होती, दोन दिवसांत शिंदे घाटापर्यंत गेली असेल. ज्या बाईच्या गवसण्या लोक मुद्दाम बघायला यायचे, तिच्यावर आता बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. हौसेला मोल नाही म्हणतात, पण हिच्या हौसेनं भाचीचं लग्न मोडलं! आईनं तर तिच्याशी अबोलाच धरला. ताट वाढायची, पण वाढलंय म्हणून सांगायची नाही. माझ्याकडे मात्र सगळे मायेनं बघायचे. चांगलं स्थळ हातचं गेलं पोरीचं, तिचा काय दोष! ती माया मला अंगभर खाजखुजलीसारखी चावायची.

आठवडाभरानं मला राहवेना. आत्या घाटावर एकटी धुणं पिळत होती. मी तिच्या शेजारी पाण्यात पाय सोडून बसले आणि म्हटलं, "मी आज आईला खरं सांगणार आहे. त्यांनी फोन केलाच नव्हता. तू का ऐकून घ्यायचंस?"

"सांगशील तर बघ," ती म्हणाली. साडीचा पीळ तिनं आणखी घट्ट केला. "तुला अजून दोघाचौघांनी बघायचंय. फोन लागला नाही ही एक गोष्ट, आणि मुलगी नको म्हणाले ही निराळी. मला नको म्हणाले तेव्हा आपल्या घरात फोन नव्हता. कशाचं नाव सांगणार? गल्लीनं माझंच घेतलं."

तेवढ्यात वरून काकू बादली घेऊन उतरल्या आणि लांबूनच ओरडल्या, "काय आत्याबाई, आज कुणाचं लग्न मोडायला घेतलंत?"

"तुमच्या धाकटीचं!" आत्या तितक्याच जोरात म्हणाली. "फोन घ्या आधी घरात, मग शिवते गवसणी!" आणि ती खदखदून हसली. पायऱ्यांवरच्या सगळ्या बायका हसल्या. तिनं पाण्याखालून माझ्या पायावर पाय दाबला, तशी मीही हसले.